काचेवर टिचकी

जूनमध्ये बहिणीची तीन लेकरं घरी आली,
पाठीवर दप्तरं, तिघांत मिळून एक उशी.
बर्फाळ वाऱ्यात दार लावून घेतलं
आणि ओट्याकडे पाहिलं, तर
आमचा साडेतीन लिटरचा स्लो कुकर
वाटीएवढा दिसायला लागला.

गोरच्या जुन्या सामानाच्या दुकानात
एक होता, पाच डॉलरला.
वायरचं कातडं सुटलेलं,
आतल्या मातीच्या भांड्याला केसाएवढी चीर.
कॉलिन म्हणाला, टेप लावू की.
म्हटलं, सात पोटं टेपच्या भरवशावर नाही सोडायची.

नव्या दुकानातल्या पोरानं दहा लिटरचा दाखवला,
लग्नाला पुरेल असा.
पण तळाशी दडलेला रस्सा कडेनं करपतो;
भांडं निम्म्याहून वर भरावं, काठाखाली चार बोटं राखावीत,
हे मला माझ्या करपलेल्या पगारांनी शिकवलंय.
घेतला साडेसहाचा, लांबट,
मेंढीची तंगडी आडवी निजेल असा,
वेळ संपली की आपणहून आच उतरवणारा,
कारण मटाउराच्या मांस कारखान्यात
पाळी सुरू कधी होते ते ठरलेलं,
सुटते कधी ते नाही.

पहाटे साडेचार.
गोठलेलं मांस थेट भांड्यात कधीच नाही;
ते आदल्या दिवशीपासून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात
सैल पडत असतं.
बटाटे-गाजरं तळाशी, त्यांना शिजायला जास्त वेळ.
राजमा असेल तर रात्री भिजवलेला, पाणी बदललेला,
आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून.
मंद आचेवर तो पोटाचा वैरी होतो.
वायर भिंतीकडे, पडदा लांब,
ब्रेडची पिशवी दुसऱ्या टोकाला.
मग बटण, मग बूट.

रुआ झाकण उघडायचा.
सहा वर्षांचा, शाळेतून आला की स्टुलावर चढून पहिलं तेच.
मी सांगितलं, एकदा उघडलं की वीस मिनिटं वाया.
रागावले. हुइयानं चिमटाही काढला.
एके दिवशी लवकर सुटले, दारातून पाहिलं:
वास घेत नव्हता, बोट बुडवत नव्हता.
नुसतं पाहिलं, म्हणाला, "आहे,"
आणि झाकण ठेवलं.
त्या संध्याकाळपासून जेवण
वीस मिनिटं पुढे ढकललं. कुणाला कारण नाही सांगितलं.

ऑगस्टात बर्फ पडला.
घरी आले तर ओव्हनच्या घड्याळात शून्यं लुकलुकत होती,
कुकरचा दिवा विझलेला, अंग कोमट.
वीज कधी गेली, कधी आली,
रिकाम्या घराला कोण विचारणार?
"अजून ऊन आहे, मावशी," हुइया म्हणाली,
झाकणावर दोन्ही पंजे ठेवून.
तिच्या आईच्या घरात काय काय खाल्लं जायचं
ते मला माहीत होतं,
म्हणून तिचे हात उचलायला वेळ लागला.
अख्खी तंगडी. वास इतका चांगला, की रडू यावं.
कोमट म्हणजे बिघाडाला उबदार बिछाना, मी म्हटलं,
आणि सगळं ओतून दिलं.
टोस्ट आणि अंडी खाल्ली.
हुइया रविवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्या रात्री रुआ उठला. धुतलेलं भांडं
ओट्यावर पालथं. तो तिथेच उभा,
एका पायात मोजा.
काही समजूत घालावी, तर शब्दच सुचेना.
सकाळी साडेचारला त्याला उठवलं,
गाजरं त्यालाच टाकू दिली.
दुपारी, काच वाफेनं आंधळी झाली तेव्हा,
दाखवलं: उघडायचं नाही. मधोमध टिचकी मार.

टक्.
थेंब ओघळले. आत, खाली,
गाजराची एक केशरी कड.

वीस मिनिटं मात्र मी अजून परत घेतलेली नाहीत.