सांगाड्याला थकवा नाही

दांडिया बाजार, दुसरा मजला, शनिवार.
निहार माझा फासा उचलूच देत नाही.
"विष चालणार नाही गं.
सांगाड्याला रक्त कुठंय?"

बरं, मग त्या चिखलाच्या गोळ्याला
उताणा पाडू म्हटलं,
तर त्याला पाठच नाही.
दगडी पहारेकऱ्याला भुरळ घालावी
तर भुलायला आत
कुणीतरी लागतं.

"म्हणजे काहीतरी नसणं, हीच ढाल?"
बोटावरचा सेवउसळीचा रस्सा पुसत मी म्हणाले.
कुणी ऐकलं नाही.

शर्वाणी सयाजी हॉस्पिटलातून
दोन रात्रपाळ्या करून थेट आलेली.
चपला अजून पायातच.
नियमांच्या पानावर बोट ठेवून तिनं विचारलं,
"आणि थकवा? तोही लागत नाही याला?"
"नाही."

पान तिनं उलटलं नाही.
"तुझी पाळी," निहार म्हणाला,
दोनदा.