चावलेली टेप

गौरी गेल्या. डब्याच्या तळाशी करंज्यांचा चुरा.
तन्वेश, वय पंधरा, पडेलच्या तिठ्यावर
रेंज मिळते तिथे सायकल लावून
माझा सिनेमा उतरवून आणतो मोबाईलमध्ये,
आणि भिजलेला शर्ट न बदलता म्हणतो,
"दोन तास एकोणचाळीस मिनिटं, आई. सिरियसली?"

मी सांगते, माझ्या माहेरी, गिर्येला,
गणपतीच्या पाचव्या रात्री व्हिडिओ यायचा
कणकवलीहून एसटीने, ड्रायव्हरच्या शेजारी,
गोधडीत गुंडाळून, आजारी माणसासारखा.
कॅसेटी चार. तीन दरवर्षी बदलायच्या,
चौथी हीच.
अर्धी वाडी आमच्या पडवीत, उरलेली छत्र्यांखाली.

"आणि स्टोरी?"
स्टोरी काय, बापलेकाची.
मुलगा दिवाळीला घरी येतो. बाप बोलत नाही.
मग बोलतो, त्यापेक्षा नसता बोलला तर बरं.
मुलगा ट्रंक उचलून स्टेशनवर जातो,
आणि तिथे आमची टेप चावलेली होती.
निळे पट्टे. खरखर. बाईचा आवाज रेड्यासारखा.
बाबल्या व्हिडिओवाला कोणाला हात लावू द्यायचा नाही.
पट्टे सरले की मुलगा घरात, पाटावर,
आणि बाप त्याला दुसऱ्यांदा चकली वाढतोय.

मधलं दरवर्षी वाडी ठरवायची.
वत्सूआत्या म्हणायची, गाडीच आली नसतली.
शांबा तांडेल म्हणायचा, तिकिटाक पैसे कमी पडले.
मी नऊ वर्षांची, ठाम:
स्टेशनवर त्याला त्याची मेलेली आई भेटली.
माझे बाबा पट्टे सुरू झाले की उठायचे
समईत तेल घालायला.
तेल असलं तरी.
विचारलं तर, "माका काय म्हायत."

तांदळाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल.
तन्वेश आडवा, एका कानात इअरबड.
नको तिथे हसतो. नायकाच्या विगला हसतो.
मला राग येतो, आणि मग मलाही विग दिसतो,
इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता.
बाहेर वाघोटणच्या खाडीत
कोणाच्या तरी होडीचं इंजिन धरत नाहीये.

ट्रंक उचलली.
मी म्हणते, आता बघ, आता पट्टे
पट्टे नाहीत.
स्टेशन आहे, लख्ख. हमाल. वजनाचं मशीन, लाल दिवे.
बाप येतो. एका पायात चप्पल नाही.
बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसतो,
खिशातून शेंगा काढतो, सोलतो,
दाणे दोघांच्या मध्ये ठेवतो.
मुलगा बघत नाही.
गाडी येते, गाडी जाते.
बाकड्यावर नुसती टरफलं.

तन्वेशने इअरबड कधी काढला कळलं नाही.
"एवढंच?" तो म्हणतो.
"तुझी मेलेली आई जास्त भारी होती."
मला नाकातून हसू येतं.

मग मोबाईल थांबवून:
"आजोबांनी हा पूर्ण बघितला होता ना?"
कुठे बघणार, म्हणते मी, इथे थिएटर कुठे होतं.

कोल्हापूरला होतं.
आंब्याच्या पेट्यांबरोबर बाबा कोल्हापूरला गेले होते
त्या मे महिन्यात, दादा गेला तेव्हा.
ट्रंक नव्हती त्याच्याकडे, खताची पिशवी होती.
पहाटेची बोरिवली गाडी.
बाबा तीन दिवस उशिरा परतले, काही न सांगता.
आमच्या घरी पट्टे सरलेच नाहीत.

हे मी तन्वेशला सांगत नाही.
"जरा मागे घे," एवढंच सांगते.
तो घेतो. दहा सेकंद. अजून दहा.
बाप पुन्हा येतो, पुन्हा एकच चप्पल.

सिनेमा अजून पन्नास मिनिटं उरलाय.
बॅटरी बारा टक्के.
चार्जर आतल्या खोलीत आहे.
कोणी उठत नाही.