मिक्सर

ओजसला मिक्सरचा आवाज सोसत नाही.
म्हणून रविवारी, बाबापाशी तो
बाटल्यांची झाकणं रंगवार लावत बसला की
खोबरं-मिरच्या घेऊन मी दोन मजले उतरते,
म्हात्रे काकूंकडे.

त्या ओजसचं विचारतात.
सगळे ओजसचंच विचारतात.
मी सांगते, झोप बरी आहे, नवा शब्द नाही.

आज भांड्याचं झाकण दाबून धरलं
आणि हात सुटेचना.
चटणी केव्हाच वाटून झाली होती.
काकूंनी पाहिलं, मग पाठ फिरवून
खिडकीतले बोंबील उलटवत म्हणाल्या,
"राहू दे गो चालू.
ह्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय?"

ऐरोलीतल्या त्या ओट्यापाशी
मी किती वेळ

चटणी गरम झाली होती, पार गंध.
ओजसनं तोंड फिरवलं.
मी खाल्ली. भाकरीशी. बसून.