मागे, अजून मागे

सत्तावीस फुटांचं घर
दोन सीडरच्या मधून मागे घेत न्यायचं,
चौदा नंबरच्या जागेत.
आरशात नेच्यांची गर्दी,
आरशात ओला डांबरी रस्ता,
आणि जिथे ऑरिन उभा राहायचा
ती जागा.

स्टिअरिंग माझं, कारण त्याला ते कधी जमलं नाही.
हातवारे त्याचे, कारण गप्प बसणंही जमलं नाही.
मी चुकले की टोपी काढून
टोपीकडे बघायचा.
माझ्याकडे नाही.

तीन वेळा आत, तीन वेळा बाहेर.
चौथ्यांदा बंपरने पाण्याच्या नळाला
हलकेच विचारलं, कसं काय?

तेव्हा शेजारच्या तंबूतून ती आली.
अमिहान, ब्रेमर्टनची, वय नऊ,
पुढच्या दातांत फट, हातात अर्धं खाल्लेलं कणीस.
तिला कुणी बोलावलं नव्हतं.
बरोब्बर त्याच जागी उभी राहिली
आणि कणीस हलवत ओरडली,
मागे, अजून मागे, डावीकडे,
नाही, तुमची दुसरी डावी!

थांबा.

मी थांबले. जरा जास्तच वेळ.

मग चाकांखाली ठोकळे.
गोदीतल्या भंगार लाकडाचे, त्याने कापलेले,
एकावर पेन्सिलीने: चौदा नंबर, पुढचं डावं, दोन.
पण जमीन खचलीय,
किंवा मुळं वर आलीयत.
दोनाने भागेना. तीन लागले.
पाणसळीतला बुडबुडा
बराच वेळ इकडे की तिकडे करत राहिला.
पेन्सिल सापडली नाही.
त्या दोनावर मी नखाने रेघ मारली,
मग अंगठ्याने ती पुसायला गेले.
नखाची रेघ पुसत नाही.

सकाळी दहाला ओहोटी.
जंगलातली वाट उतरत जाते खाऱ्या वासाकडे.
मद्रोनाची साल सुटलेली,
उन्हात पोळलेल्या खांद्यासारखी.
शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या बुंध्यात
लाकूडतोड्यांनी पाय रोवायला केलेल्या खाचा,
आणि वर लाल बेरीचं झुडूप, बिनधास्त.
बिनघराची पिवळी गोगलगाय वाट ओलांडत होती.
तिला कुणी हातवारे करत नव्हतं.
मी उभी राहिले, तिचं होईपर्यंत.

किनाऱ्यावर पावलांच्या हादऱ्याने
तिसऱ्या पिचकाऱ्या मारतात.
पाटी म्हणते, माणशी चाळीस.
खणलेले खड्डे बुजवा.
यंदा मी एकाच माणसाचा परवाना काढलाय.
बादलीला ऐंशीची सवय.

अमिहानचा बाप, रोडेल, गुडघाभर चिखलात,
खड्डे तसेच सोडून पुढे चाललेला.
बुजव ते, मी म्हणाले,
वाळूच्या ढिगाखाली पिल्लं गुदमरतात.
आवाज माझाच होता,
चिडणं ऑरिनचं.
तो बिचारा सॉरी म्हणत परत फिरला.
पोरगी विचारते, तुम्हाला कसं माहीत?
मी फावडं तिच्या हातात दिलं.
तिने अकरा खड्डे बुजवले,
त्यातले चार बगळ्याच्या पायांचे.

रात्री तिच्या आईने वाडगं आणून दिलं,
आल्याच्या रश्शात माझ्याच तिसऱ्या.
बादलीत चाळीस होत्या,
मला एकटीला किती लागतात?
दूर शेवटच्या फेरीचे दिवे
काळ्या पाण्यावरून सरकत गेले
आणि थोड्या वेळाने तिच्या लाटा आल्या,
बोट दिसेनाशी झाल्यावर.

आज अकराच्या आत जागा सोडायची.
ठोकळे काढले, मोजले, नळी गुंडाळली.
बाहेर पडायला कुणी लागत नाही,
पुढचं सगळं काचेतून दिसतं.
तरी ती उभी राहिली, रस्त्याच्या मधोमध,
अनवाणी, केस विंचरायचे बाकी.
कणीस नव्हतं, म्हणून शिंपला हलवत होती,
या, या, या,
आणि स्वतः
मागे, अजून मागे सरकत होती.