तिकीटघर

मोठ्यांना दहा, लहानांना पाच.
साडेनऊला मी खिडकी उघडतो
आणि तलाव सुरू होतो.

बदकाच्या होड्या तीन. एकीची मान तुटली,
तारेनं बांधून दुरुस्तीच्या यादीत घातली.
यादी गोंदियाला गेली आहे.
घसरगुंडीखाली विंचू निघाला, तेव्हा समितीची सभा झाली.
ठरलं, फलक लावावा.
आता फलक सात आहेत :
पोहू नये, धुऊ नये, गुरे उतरवू नयेत,
फुले तोडू नयेत.
फुलं अजून लावायची आहेत.

हिरकनबाई वलथरे त्याआधीच आलेली असते,
पाळीवर ओलं जाळं पसरून
एकेक गाठ चाचपत.
साहेब विचारतात, हिचं तिकीट?
मी वहीत लिहितो : प्रौढ, एक.
दहा रुपये माझ्या खिशातले.

तिला कळलं एक दिवस.
"पानी का तुया सायबानं भरलं, बापू?"
इतकंच म्हणाली.
दुसऱ्या दिवशी खिडकीवर
पळसाच्या पानात मूठभर झिंगे.
"जमा धर."
झिंग्यांना वहीत रकाना नाही.

मे महिन्यात पाणी पायऱ्या सोडून जातं.
लांबून आलेली माणसं गाळ बघतात,
पैसे परत मागतात.
त्याचाही नियम आलेला नाही.

साडेसहाला शिट्टी. एक पोरगं रडतं,
पाणकोंबड्या हलत नाहीत.
फाटकाचं कुलूप मी दोनदा ओढून पाहतो.
कुंपणाचा निधी तिसऱ्या बाजूला संपला होता.
चौथीकडून, फलकाला अंग घासत,
म्हशी उतरतात.