छाट

बारावीच्या निकालानंतर आमच्या खोलीत
तीन माहितीपत्रकं येऊन पडली.
आईनं एकेक उचललं, अंगठ्यानं चोळून पाहिलं,
तेंदूचं पान नीट भिजलंय का बघतात तसं.
"कागद भारी आहे," म्हणाली. एवढंच.
तिला मराठी वाचता येत नाही, तेलुगूही नाही.
हजार विड्या मात्र ती बोलता बोलता मोजते.

मला लॅबमध्ये काम करायचंय.
गेल्या साली आईचा खोकला थांबेना,
तेव्हा मुल्लाणींच्या लॅबमध्ये बेडका द्यायला गेलो होतो.
त्यांनी तो काचेवर पसरला, रंगवला, धुतला,
डोळा लावून बसले,
आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.
बाहेर कारखान्यात माग चालू होते.
मग म्हणाले, "नाही. टीबी नाही."
त्यांच्या त्या गप्प बसण्यात
माझं ठरलं.

पहिलं कॉलेज सात रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर,
खाली चपलांचं दुकान.
"शंभर टक्के नोकरी," सर म्हणाले,
"आपली पोरं दुबईत आहेत."
मान्यता? "प्रक्रियेत आहे."
कधीपासून, हे विचारायला जीभ वळली नाही.
लॅब बघू का म्हटलं, तर किल्ली शिपायाकडं,
शिपाई जेवायला.
"थांबतो की," आई म्हणाली,
आणि जिन्यातच बसली.
सव्वातीनला दार उघडलं.
दोन मायक्रोस्कोप. एकावर अजून प्लॅस्टिक.
दुसऱ्यात मी डोळा लावला: काळोख.
"लाइट गेलीय," सर म्हणाले.
वर पंखा फिरत होता.

रस्त्यावर आल्यावर आई म्हणाली, "छाट."

बावीस वर्षं हा शब्द तिनं फक्त ऐकलाय.
चेकर सूप पुढं ओढतो, मूठ भरून विड्या बाजूला टाकतो,
तेवढ्यांचे पैसे नाहीत.
का, ते सांगत नाही.
आज पहिल्यांदा
तिनं तो कुणासाठी तरी वापरला,
आणि सात रस्त्याच्या उन्हात जरा ताठ चालली.

दुसरं होटगी रोडला.
खोटं काही नव्हतं तिथं.
काचा स्वच्छ, बाई शांतपणे समजावणाऱ्या,
स्वतःचं हॉस्पिटल, पिवळी बस.
फीचा आकडा मी कागदावर लिहून घेतला.
"विड्यांत सांग," आई म्हणाली.
सांगितलं.
त्यानंतर बसस्टॉपपर्यंत आम्ही
दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोललो.

सिव्हिलमध्ये जागा मोजक्या, रांग जिन्याखालपर्यंत.
फॉर्मच्या खिडकीत कुणी नाही,
फक्त एक चष्मा घडी करून ठेवलेला.
शेजारच्या दारातून दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली,
हातात नळ्यांचा स्टँड, नखांपर्यंत जांभळी बोटं.
आईनं सरळ तिचा हात धरला.
"हे जातंय का, बिड्डा?"
"आठवडाभर नाही जात, मावशी. मग परत लागतंच."
आईनं आपली बोटं तिच्या बोटांशेजारी धरली,
जर्द्यानं पिवळी पडलेली.
दोघी हसल्या. मला
नेमकं कशाला ते कळलं नाही.
फॉर्म भरला. सही माझी, अंगठा तिचा,
अंगठ्याची जागा फॉर्मवर नव्हती तरी.

माझं नाव, सुगुणा नरसय्या येमूल,
प्रतीक्षा यादीत नऊ नंबरला आहे.
चौघीजणी दुसरीकडं जातील म्हणतात.
म्हणतात.
सात रस्त्याच्या सरांचा रोज फोन येतो,
फी रोज थोडी उतरते.
"वद्दु," आई आतूनच ओरडते, सूप मांडीवर, कात्री चालू.
नको म्हणायला तिला तेलुगूच लागतं.

मुल्लाणी म्हणाले, यादी लागेपर्यंत ये.
काचा धू. पगार नाही, चहा आहे.
तर संध्याकाळी मी काचा धुते,
एकेक उजेडात धरते.
काल एकीचा कोपरा उडालेला निघाला.
कुणी सांगितलं नव्हतं,
मी ती बाजूला ठेवली.