एकक

शिंदखेड्याहून फॉर्म परत आला, लाल शेऱ्यासकट:
एकक चुकले. घनमीटर नको, किलोलिटर लिहा.
मी एक शब्द खोडला, दुसरा लिहिला.
आकडा जागचा हलला नाही.
दोन्ही एकच, हे साहेबांना कोण सांगणार?

बेटावदच्या अलीकडे, बाभळीखाली
टँकर उभा राहतो.
मुरलीधर ड्रायव्हर म्हणतो, बारा.
मी वर चढून झाकण उघडतो, काठी बुडवतो,
ओल सुकायच्या आत खूण बोटानं धरतो.
अकरा पॉइंट चार.
"राहू द्या ना भाऊसाहेब,
पॉइंटात काय जातं?"

पॉइंटात सहाशे लिटर जातं.
पंधराचा हंडा धरला तर चाळीस हंडे,
म्हणजे भिलाटीची ती सगळी ओळ
जी नळीपाशी कायम शेवटी पोचते.

सुपडाबाई त्याच ओळीतली.
"मना हंडा भरना नही, भाऊ."
एवढं बोलून ती गळक्या जोडाखाली लोटा लावते
आणि बसते.

वीस थेंबांचा एक मिलिलिटर.
हे मी शाळेत नाही, धुळ्याच्या सिव्हिलमध्ये शिकलो,
आईच्या सलाईनखाली,
रात्री झोप येऊ नये म्हणून मोजत.
म्हणजे लिटरभर लोट्याला वीस हजार थेंब.
सुपडाबाई मोजत नाही.
पदर डोक्यावर ओढते, लोटा जरा सरकवते.

मुरलीधर हॉर्न देतो, सही करून मोकळं करा म्हणतो.
मी रजिस्टर मांडीवर घेतो.
अकरा लिहितो, चार लिहितो,
मग मधलं टिंब
पेन दाबून, पुन्हा एकदा गिरवतो.